पुतळ्यातल्या पोरीचा हात

रुद्राप्पांच्या ताराबाई पार्कातल्या बंगल्यात ब्राँझचा एक जुना फ्रेंच पुतळा त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून होता. ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा एका कोवळ्या पोरीला उचलून नेतोय आणि ती आईसाठी हात पसरून ओरडतेय.

त्यांची मुलगी सुष्मिता पन्हाळ्याला म्हणून गेली ती परतलीच नाही. तेव्हापासून पुतळ्यातल्या पोरीचा तो हात ऊबदार लागायचा. बाकी सगळा पुतळा गारढोण. त्यांच्या बायकोनं, शांतव्वानं, पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवले, देवऋषी केले, आणि शेवटी ती दुपारभर तो हात धरून बसू लागली.

"पुण्याचं गिऱ्हाईक आलंय. हे ध्यान आता घरातनं जाऊ दे," रुद्राप्पा म्हणाले. "असं बसून पोरगी येणार न्हाय."

"तुमी एकदा हात लावून बघा की."

तिच्या समाधानासाठी त्यांनी बोटं टेकवली आणि चटकन मागं घेतली.

"ऊन पडलं असंल," ते पुटपुटले. खिडक्यांचे पडदे तर सकाळपासून ओढलेलेच होते.

हमालांनी पुतळ्याला दोर बांधला. शांतव्वानं शेवटचा म्हणून तो हात हातात घेतला, तशी ब्राँझची बोटं सावकाश तिच्या पंजाभोवती मिटली.

"अवं, दोर सोडा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिनं धरलंय मला."

रुद्राप्पांनी ते पाहिलं. त्यांनी बायकोला मागून मिठी घातली आणि दोघंही पोरीला बाहेर काढायला जीव खाऊन ओढू लागली.

तेव्हा पलीकडूनही कुणीतरी ओढायला लागलं.