उत्तरापुरती जागा
हैफा शहरातल्या ज्यू ओवाद्याची दृष्टी गेली, तेव्हापासून शेजारचा ख्रिस्ती बुत्रुस रोज त्याला दोघांच्याही धर्मात मानलेला यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचून दाखवायचा. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय आला की भांडण ठरलेलं. “हा आमचा येशूच!” बुत्रुस म्हणायचा. “डोंबल तुझं! तो म्हणजे आम्ही ज्यू. मसीहा अजून यायचाय,” ओवाद्या उसळायचा. मग बुत्रुसला त्याच्या मुलाने कायमचं कॅनडाला नेलं. जाताना बुत्रुसने ओवाद्याला एक कॅसेट दिली. रागावलेल्या ओवाद्याने आठवडाभर तिला हात लावला नाही. शेवटी न राहवून ऐकली. ओळखीच्या घोगऱ्या आवाजात तोच अध्याय सुरू झाला. वाचून झाल्यावर बुत्रुस म्हणाला, “हा येशूच. आता तू बोल.” पुढे फीत नुसतीच फिरत राहिली. उत्तरासाठी जागा सोडलेली होती. डोळे पुसून ओवाद्या कडाडला, “गाढवा, मागचे अध्याय वाचलेस का? सेवकाचं नाव इस्राएल, म्हणजे आम्हीच, असं लिहिलंय तिथे!”