हाकेला ओ

लाल साडी आणि मोगऱ्याचा गजरा शशिकलेपुढे ठेवत नाटक बसवणारे कृष्णकांत म्हणाले, "हे नेसा. मरीया मग्दालीया तसलीच होती, बाई. प्रभू भेटायच्या आधी."

ईस्टरची पहाट, येशू कबरीतून उठल्याचं नाटक. पनवेलच्या चर्चच्या अंगणात मंडळी सतरंज्यांवर बसू लागली होती. मरीयेच्या कामाला एकाही आईनं आपली लेक दिली नव्हती. नाव खराब होईल म्हणे. शशिकलेचं खराब व्हायला उरलंच नव्हतं. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर, एक्स्प्रेसवे सुरू होतो तिथं, ट्रकवाल्यांना पोळीभाजी खाऊ घालणारी एकटी बाई. मंडळी तिला 'टर्मिनलवाली बाई' म्हणायची, आणि म्हणताना एकमेकांकडे बघायची. तरी ती हो म्हणाली. आपल्याकडे कुणी काही मागितलं, याचंच तिला अप्रूप.

पडद्याआड पाळकांच्या पत्नी मालूताई पिना लावत होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, मरीया वाईट चालीची होती असं शास्त्रात कुठंच नाही. दुखणाईत होती, बरी झाली. शिष्य पांगले तेव्हा ती प्रभूच्या कबरीपाशी उभी होती.

"मग तसली कोण म्हणालं?"

"लोक."

शशिकलेनं साडीची घडी मोडलीच नाही. अंगावरच्या, फोडणीचा वास मुरलेल्या सुती साडीतच ती पुठ्ठ्याच्या कबरीपुढे जाऊन बसली.

प्रभू झालेला वरद मागून आला. लोखंडबाजारात कामाला, जेवायला तिच्याच टपरीवर. "बाई, का रडतेस?" इथवर नीट झालं. पुढं नुसतं 'मरीये' म्हणायचं. पण एवढी माणसं बघून त्याची जीभ टाळ्याला चिकटली, आणि टपरीच्या पाटीवर रोज वाचलेलं नाव तोंडून निसटलं.

"शशिकला."

आई गेल्यापासून तिला अशी नुसती, नावानं हाक कुणी मारली नव्हती. ती वळली. 'रब्बूनी', म्हणजे गुरुजी, म्हणायचं होतं. पण परसातून आईला द्यावी तशी तिनं ओ दिली.

"ओ."

कुणी हसलं नाही.

मग ती उठली, अनवाणी धावत शिष्यांपाशी गेली. "मी पाहिलं त्याला. त्यानं मला नावानं हाक मारली."

आता पेत्र झालेल्या कृष्णकांतांचं वाक्य होतं: बाईच्या बोलण्याला काय धरायचं? मालूताईंनी पडद्याआडून ते सुचवलं, पुन्हा सुचवलं.

डोळे कबरीवर ठेवून, वाकून, तिकडे धावत निघायला कृष्णकांत सतरंजीच्या कडेला आपल्या चपला चाचपत होते.