वीणा आत्ताच घेतली

मोबाइलवर पुन्हा तेच आलं: वीणा गणू गोजरकडे, आत्ताच घेतली.

जयरामच्या कपाळाला आठी पडली. तो जेवायला बसला तेव्हाही हेच होतं. डुलकी काढून उठला तरी हेच. माणूस आत्ताच घेतो तरी किती वेळा?

टोकावड्याच्या देवळात हरिनाम सप्ताह बसला होता. सप्ताहभर वीणा भुईला टेकवायची नाही; एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात. घेणाऱ्यानं देवळातल्या फोनवर बटण दाबायचं, म्हणजे कामावर गेलेल्यांनाही कळे, पहाऱ्यावर कोण आहे ते. हे सगळं गणूच्या पोरीनं, नम्रतानं बनवलेलं. सप्ताहाचा कारभार बघणाऱ्या जयरामनं तेव्हाच हटकलं होतं, "वाजले किती ते सरळ दाखव ना गो. हे आत्ताच, मघाशी, कधीचा कशाला?"

"काका, तुमी तरी घड्याळ बघून बोलता का? तो कधीचा उभा हाय, असंच सांगता ना? मग फोनपण तसाच बोलंल."

आता त्याला उमगलं. पोरीला बापासाठी घड्याळच लपवायचं होतं. गणू वीणा ठेवून घरी पाय पसरत असणार आणि परत आला की बटण दाबत असणार. वीणा टेकली की सप्ताह मोडला. टेकवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही. बांधाच्या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद होतं. जयरामनं टोपी चढवली. आज रंगेहाथ धरायचा.

भर दुपारी देवळात चिटपाखरू नव्हतं. तो पाय न वाजवता आत शिरला. गणू उभा होता. वीणा गळ्यात, ओठांवर नाम, पाठ घामानं भिजलेली; भार या पायावरून त्या पायावर टाकत होता. त्यानं डावा हात लांबवून बटण दाबलं.

"किती वेळा दाबशील रे?" जयराम गुरकावला.

"तू येशील तोवर." तारेवरचं बोट थांबलं नाही. "माझ्यानंतर भगीरथचा पहारा, त्याला कसाऱ्याला ड्युटी लागली. 'त्याच्या जागी मी उभा राहीन,' असं काल सगळ्यांसमोर तूच बोलला."

जयराम पुढं आला. "मग हाक मारायची व्हती."

"बोलणं बंद हाय ना आपलं." गणूनं वाकून वीणा त्याच्या गळ्यात घातली. "पण फोनवर 'गणू कधीचा उभा' असं दिसलं असतं, तर अख्ख्या गावानं इचारलं असतं, पुढचा पहारा कोणाचा."