झुकलेला शिक्का

ओसाकातल्या पंपांच्या कंपनीत हागिनो बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तर तिचं पद दुसऱ्याला दिलेलं. तिने तक्रार केली. चौकशी समितीचा अहवाल तोनोइकेबाईंनी स्वतः तिच्या हातात ठेवला. साहेबांच्या अध्यक्षतेखालच्या तिघांच्या समितीत बाईमाणूस त्या एकट्याच.

‘भेदभाव आढळला नाही,’ एवढंच त्यात होतं.

“मी बैठकीत बोलले होते गं,” बाई म्हणाल्या. “पण दोघांपुढे माझं काय चालणार?”

हागिनो खाली सह्यांच्या जागी मारलेले तिघांच्या नावांचे लाल शिक्के बघत होती.

“बाई, मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतंत. साहेबांच्या शेजारी आपला शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो त्यांना वाकून नमस्कार करतो.”

“रीतच आहे ती. हात आपोआप वळतो.”

“हो. पण त्या दुसऱ्या सभासदाचा नुसता वाकलाय. तुमचा तर पार आडवा झालाय.”

बाईंनी अहवाल परत घेऊन पाहिला. त्यांना आठवलं, शिक्का मारताना साहेब खोलीत नव्हतेच.