टांगलेला नान

"आधी नावाने हाक मारायची. मग दुखणं विचारायचं. तेलाचं नाव अगदी शेवटी, सहज तोंडून निघाल्यासारखं. कळलं?"

मालक तोहिरने पहिल्या दिवशी दिलेला हा धडा मुकद्दसच्या कानात अजून घुमत असे. समरकंदमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून ती 'सबोहत आईचा ओटा' हा ब्लॉग लिहायची. सबोहत आई खेड्यात राहते, लेक परमुलखात गेलाय, म्हणून ती वाचकांनाच लेकरं मानते. त्यांची विचारपूस करते आणि मधूनमधून कलौंजीच्या तेलाचा गुण सांगते. बाया तिला पोटातलं सगळं कळवत आणि तेल मागवत.

सबोहत आई नावाचं माणूस जगात कुठेच नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मुकद्दसने सोसलं असतं. पण शरद ऋतूत तोहिरला नवी कल्पना सुचली.

"लेकाचा नान हवा भिंतीवर. जाताना चावा घेतलेला. फोटो टाकू, बाया ढसाढसा रडतील."

ऑफिसात सगळे आपापल्या कामात डोकं खुपसून बसले. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ताज्या नानचा एक घास खातं. उरलेला नान आई भिंतीवर टांगते, आणि परत आल्यावर त्याने तो संपवायचा असतो. असा नान कुणी खोटा टांगत नाही.

"चला, कोण चावतंय?" तोहिरने विचारलं.

फोटो काढणारा म्हणाला, "आका, माझा रोजा आहे." त्याचा रोजा कधीच नसे.

"भित्रे लेकाचे!" तोहिर हसला. त्याने स्वतःच चावा घेतला. त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट होती, त्यामुळे चाव्याच्या मधोमध नानची एक बारीक पट्टी तशीच उभी राहिली. मग तोंडातला घास त्याने सूर्यफुलाच्या टरफलांच्या वाटीत थुंकला.

सगळे गेल्यावर मुकद्दसने तो ओला घास कागदावर उचलला, कपाळाला लावला आणि खिडकीबाहेर चिमण्यांना घातला. त्या दिवशी तिने हात तीनदा धुतले.

फोटो ब्लॉगवर गेला त्याच दिवशी ओयनिसा खालांचं पहिलं पत्र आलं. नुराताच्या डोंगरातली एकटी बाई. तिने दोन बाटल्या मागवल्या. नंतर चार. तेल कसं लावायचं, कशावर चालतं, काही विचारत नसे. विचारायची ते दुसरंच. "बाई, तुमचा लेक वेळेवर जेवतो का? गार वाऱ्यात कान झाकतो का?"

"काय लिहू?" मुकद्दसने तोहिरला विचारलं.

तो कानात कापूस कोंबत होता. "लिही, आईच्या आठवणीने रडतो. म्हातारी आणखी दोन घेईल."

"तोहिर आका, तुमच्या आईला कुणी असं फसवलं असतं तर?"

"माझी आई कधीच मातीआड गेली. तू लिही."

हिवाळ्याच्या तोंडावर खालांचं पत्र आलं. 'शेवटची शेळी विकली. सहा बाटल्या पाठवा.'

मुकद्दसला स्वतःच्या बोटांची शिसारी आली. रविवारी सकाळची नमाज आटोपून ती बसमध्ये बसली. म्हातारीला खरं सांगायचं आणि ऑफिसची किल्ली तोहिरच्या तोंडावर फेकायची, हे तिने पक्कं केलं होतं.

खालांनी दार उघडलं, तिला निरखून पाहिलं आणि आत घेतलं. दस्तरखान पसरून चहा ठेवला. कोनाड्यात तेलाच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"खाला, मला माफ करा. सबोहत आई नाहीच. ती पत्रं मी लिहिते."

"ठाऊक आहे गं. आई का असं गुळगुळीत लिहिते?" खाला हसल्या. "चहा घे, निवतोय."

"ठाऊक आहे? मग शेळ्या का विकल्या? त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, खाला! घाणेरडा आहे तो. अन्नावर थुंकतो."

खालांचा हात किटलीवर थांबला. "लहानपणी नव्हती तशी सवय," असं काहीसं त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "तू काम सोडणार?"

"उद्याच."

"नको सोडू. मला शब्द दे. त्याच खुर्चीत बसशील. मी जे विचारेन, त्याचं उत्तर मनाने रचून द्यायचं नाही. बघून द्यायचं. आणि मी विचारते हे कुणाला कळू द्यायचं नाही."

"कुणाला बघून?"

"आधी शब्द."

एकटं राहून म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मुकद्दसला वाटलं. पण त्या सुरकुतल्या हाताने तिचं मनगट असं घट्ट धरलं होतं, की तिने दिला शब्द.

खालांनी मनगट सोडलं आणि "अकरा वर्षं झाली," म्हणत मागच्या भिंतीकडे बोट केलं. मुकद्दस वळली.

खिळ्याला एक नान टांगलेला होता. अकरा वर्षांत दगड झालेला, धुराने काळवंडलेला. त्याच्या कडेला एक चावा होता, आणि चाव्याच्या मधोमध नानची एक बारीक पट्टी उभी होती.

सोमवारी मुकद्दस रोजच्यापेक्षा लवकर घराबाहेर पडली. किल्ली मुठीत होती. रात्रभर गार वारा सुटला होता, आणि तोहिरच्या कानात कापूस आहे का, हे तिला बघायचं होतं.