पंचनाम्याचा पाहुणचार

गिरणेचा पूर ओसरला, पण कौतिकच्या घरातली भांडीकुंडी, गाद्या, धान्याची कोठी सगळं घेऊन गेला आणि बदल्यात गुडघाभर गाळ ठेवून गेला. चौथ्या दिवशी निरोप आला, उद्या तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला येणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच कौतिक भडगावला जाऊन कागदांच्या झेरॉक्स काढून आला, तर दारात रांगोळी!

गाळ उपसलेला, भिंत सारवलेली, खाटेवर नवी चादर, फळीवर चकचकीत भांडी. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"सायेब पहिल्यांदा आपला घर येई ऱ्हायनात," त्याची बायको प्रमिलाबाई ठसक्यात म्हणाली. "चिखल दखाडू का त्यास्ले? दिपमालाकडथून बठ्ठं सामान उसनं आनं मी."

जिच्याकडून हे सगळं उसनं आणलं, त्या दिपमालाचं घर वर टेकाडावर. तिथं पुराचा थेंबही पोचला नव्हता.

भाऊसाहेबांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, घरभर कौतुकाने नजर फिरवली आणि 'नुकसान निरंक' लिहून पुढच्या घराकडे निघाले. कौतिक गयावया करत त्यांच्या मागोमाग टेकाड चढला.

दिपमालाच्या घरात चमचासुद्धा शिल्लक नव्हता. तिचा म्हातारा सासरा उघड्या फरशीवर उशाला हात घेऊन पडला होता. भाऊसाहेबांना गलबलून आलं. 'संपूर्ण संसार वाहून गेला,' असं लिहीत त्यांनी कौतिकच्या खांद्यावर हात ठेवला.

"नशीबवान आहात, कौतिकभाऊ. पूर तुमच्या घराला वळसा घालून टेकाड चढला!"