धुराड्यावरचं घमेलं

वडीगोद्रीत हायवेलगत राजानंदचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. सर्जेराव तिथल्या बाकड्यावर बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. समोर धुराड्याच्या तीन टोप्या मांडल्या होत्या आणि त्याचं मन एकीवरही ठरत नव्हतं. छत्रीसारखी साधी टोपी पाऊस अडवायची, पण बाजूनं पारवे आत शिरले असते. गरगर फिरणारी दिसायला झकास होती. पण शेतातली वानरं तिला लोंबकळून चार दिवसांत तिचा निकाल लावणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तिसरीला चहूबाजूंनी जाळी होती.

अंबडच्या बाजूनं आभाळ काळं होत चाललं होतं. फाल्गुनात पावसाचं काय काम? पण हल्ली आभाळाला कुणाचा धाक राहिलेला नाही.

आभाळ भरून आलं की त्याची बायको द्वारकाबाई शिडीनं स्लॅबवर जायची आणि तिथंच ठेवलेलं घमेलं धुराड्यावर पालथं घालायची. नाहीतर पाणी थेट चुलीत. पाऊस थांबला की पुन्हा वर जाऊन घमेलं काढायची, कारण चूल पेटवायची असायची. दिवाळीपासून तिला चक्कर येत होती. वर चढू नका म्हणून डॉक्टरनं सांगितलं, लेकीनं फोनवरून सांगितलं, सर्जेरावनं तर ओरडून सांगितलं. टोपी आणतो, असंही तो दर वेळी सांगायचा. बोलण्यात तो कधी कमी पडला नव्हता.

"जाळीची न्या मामा," राजानंद म्हणाला. "पाऊस न्हाई, पारवा न्हाई. पन जाळीला काजळी धरती. साफ कराया वर कोन चढनार?"

"कोनी न्हाई," सर्जेराव म्हणाला. "शिडीच काढून आलो."

आणि त्यानं सकाळची हुशारी रंगवून सांगितली. बायकोला सांगावं तर भांडण. म्हणून निघताना गुपचूप शिडी उचलली. भिंतीच्या बुडाशी तिच्या चपला पडल्या होत्या, त्या पायानं बाजूला सारल्या. शिडी गोठ्यात कडब्याच्या मागं दडवली आणि तिला चाहूल लागू नये म्हणून मोटरसायकल ढकलत रस्त्यापर्यंत नेली, मगच चालू केली.

राजानंद हसला. हसता हसता थांबला.

"मामा, चपला शिडीखाली व्हत्या, मंग मामी कुठं व्हत्या?"

सर्जेराव बाकड्यावरून ताडकन उठला. स्लॅबवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या खालीवर करायला ती रोज सकाळी जायची आणि पाण्याच्या टाकीआड सावलीला बसून देठं खुडायची. शेतातलं घर, हाक ऐकायला जवळ माणूस नाही. त्यानं फोन लावला. फोन वाजत राहिला. तो नेहमी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलेला असायचा.

हाताला लागली ती टोपी उचलून तो गाडीवर बसला. चक्कर येणारं माणूस, बिनकठड्याचा स्लॅब आणि वर विजा. वाटेभर तो देवाचं नाव घेत होता की स्वतःला शिव्या देत होता, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

पाऊस त्याच्या आधी घरी पोचला होता. गाडी अंगणात तशीच आडवी टाकून तो ओरडला, "द्वारके! अगं ए द्वारके!"

वरून शांतपणे आवाज आला, "ही हाक सकाळी मारायची व्हती."

गोठ्यातून शिडी आणताना ती त्याच्या हातातून दोनदा निसटली. टोपी काखेत मारून तो वर गेला. द्वारकाबाई स्लॅबच्या मधोमध बसली होती, नखशिखांत भिजलेली. मिरच्यांचं गाठोडं मांडीशी होतं. धुराड्यावर घमेलं पालथं घातलेलं, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं एका हातानं दाबून धरलं होतं.

"ते घमेलं डोक्यावर घ्यायचं न्हाई का?" त्यानं विचारलं.

"आन् चूल भिजली असती म्हंजी? रातच्याला खाल्लं काय असतं?"

त्याला तिच्याकडं बघवेना. तिनं घमेलं उचललं, त्यानं टोपी पाइपावर दाबली. टोपी बरोबर बसली. द्वारकाबाईनं जाळीवरून बोट फिरवलं.

"हिला काजळी धरंल. साफ कोन करनार?"

"मी."

घमेलं मोकळं झालं होतं; ते तिनं मिरच्यांवर पालथं घातलं आणि ती उठली. तोल जातोय असं वाटून त्यानं तिचा दंड धरला. आधी तो उतरला, शिडी घट्ट धरून उभा राहिला. शेवटच्या पायरीवरून ती पायानंच खाली चप्पल चाचपडू लागली. तिथं चप्पल नव्हती.

एक रांजणापाशी सापडली, दुसरी चिखलात रुतली होती. सर्जेरावनं ती उपसून काढली, आपल्या पायजम्याला पुसली आणि दोन्ही तिच्या पायांसमोर मांडल्या. आजवर त्यानं तिच्या चपलांना हात लावला नव्हता.

"शिडी कुठं ठिवू?" त्यानं विचारलं.

द्वारकाबाईनं चपला घातल्या, पदर पिळला.

"ऱ्हाऊ द्या तिथंच. आता तुमाला लागंल."